कोमट घोट

हॅलो?

… हो ताई, मीच. फोन तुमच्या भावाचाच आहे, पण माझ्या पर्समध्ये आहे. त्यांच्या तोंडात आत्ता एक आरसा, एक नळी आणि डॉक्टरीणबाईंचे दोन हात आहेत. बोलायला जागाच शिल्लक नाही.

… दाताच्या दवाखान्यात. दुसरीकडे कुठे?

… केस कापायला? कोण म्हणालं केस कापायला?

… तुम्हीच. मालकांना. ताई, त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं राहिलंय काय? बरं, मालक काय म्हणाले?… "इतका वेळ?" बरोबर आहे, मलाही तीच शंका आली असती.

… हळू, हळू बोला. इथे बाहेरच्या खोलीत माणसं गाल धरून बसलीत. तोंडं बंद, कान मोकळे. थांबा, मी जिन्यात जाते… हं. आता सांगा. काय परत आलं?

… संत्र्याचा रस. अख्खी गाडी?

… आंबट. म्हणजे किती आंबट?… दुकानदार म्हणतो, बाटलीवर चित्र संत्र्याचं आणि आत राग लिंबाचा. चांगलं बोलतो हो. दुकानात वाया चाललाय.

… नाही, हसत नाहीये. तुम्ही पुढे सांगा.

… मालक स्वतः खाली आलेत. टेबल मांडलंय, पेले मांडलेत… हो, कळतंय मला. चव घेणारे हे एकटेच. ह्यांनी मान डोलावल्याशिवाय तुमच्या विभागात एक बाटली भरली जात नाही. म्हणजे हा आंबट माल पास कुणी केला, असं मालकांच्या डोक्यात यायच्या आत हे तिथे उभे हवेत… कळलं. पण आत्ता नाही येऊ शकत.

… कारण सुई दिलीय. अर्धं तोंड बधिर आहे. खालचा ओठ कुठे आहे ते आरशात बघून शोधावं लागेल. असा माणूस मालकांना चव काय सांगणार?

… अचानक नाही ताई. बरेच दिवस चाललंय.

… कारण तुम्हाला सांगायचं नव्हतं. त्यांनीच शपथ घातली होती. "ताईला कळलं की कारखान्याला कळलं." आता माझ्यावर कशाला रागावता, मी फक्त निरोप पोचवतेय.

… झालंय काय, ऐका. दातांवरचं कवच गेलंय. वरचं पांढरं, कडक असतं ना, ते. आणि हिरड्या मागे सरकल्यात, मुळं उघडी पडलीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुन्या सरकारी इमारतीच्या पायऱ्या मधोमध झिजतात, तसे दात आहेत. दोन हलतायत. एकाची आत्ता नस काढायला घेतलीय.

… हो, हो. तुमच्या घरात कुणाचे दात कधी दुखले नाहीत. ऐकलंय. तुमचे वडील सत्तरीत दातांनी अक्रोड फोडायचे. लग्न ठरलं तेव्हापासून ऐकतेय. अहो, ते अक्रोड फोडायचे, दिवसभर संत्र्याचा रस तोंडात धरून उभे नव्हते राहत.

… घासत नाहीत असं कोण म्हणतंय? उलट. घासण्यानेच घात केला.

… अहो ताई, ऐका ना. आधी ऐका तर. पिंप तयार झालं की एक घोट. बरोबर? तो घोट जिभेवर घ्यायचा, गालात घोळवायचा, दातांमागून फिरवायचा. मग साखरवाल्याला बोटं दाखवायची, अजून किती मापं घालायची ती. पुन्हा घोट. असं सकाळपासून सुटीच्या भोंग्यापर्यंत. आणि एका पिंपाची चव दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मध्ये काय करतात?

… हो, तोच. खिशाला पेनासारखा अडकवलेला ब्रश. पेस्टने चव बिघडते म्हणून नुसताच कोरडा. तुम्हीच कौतुकाने सांगत फिरता ना, "माझा भाऊ दिवसातून आठदा दात घासतो, असा स्वच्छ माणूस शोधून सापडणार नाही." मी पण डॉक्टरीणबाईंना तेच सांगितलं, जरा मान वर करूनच. त्यांनी हातातलं अवजार खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी म्हटलंय की आम्ही घरी काचेची भांडी कानशीने घासतो.

… कारण आंबट लागलं की कवच मऊ पडतं. थोडाच वेळ. तोंडातली लाळ ते पुन्हा घट्ट करते, पण तिला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. आणि आपला स्वच्छ माणूस नेमका त्याच वेळी कडक ब्रश घेऊन, जोर लावून… हो ना. ओल्या गिलाव्यावर खराटा मारल्यासारखं.

… कीड? आहे की. ती कशाला मागे राहील? आंबटाबरोबर साखर पण आहेच रसात. दिवसभर थोडी थोडी. जंतूंची पंगत उठतच नाही.

… तेच विचारलं मी. त्या म्हणाल्या, गोड किती खाल्लं त्यापेक्षा किती वेळा खाल्लं ते मोजा. एकदाच जेवणाबरोबर खा, वर पाणी प्या, मिटलं. पण दर थोड्या वेळाने घोटभर म्हणजे दातांना सुटीच नाही. तुमच्या त्या बाटल्या भरायच्या यंत्राला सुद्धा जेवणाची सुटी आहे.

… थांबा, पुढचं तर ऐका. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग ह्यांनी काय केलं? डॉक्टरकडे गेले? नाही. कारखान्याच्याच बाटलीमागचं लेबल वाचलं. "क जीवनसत्त्व, हिरड्यांना बळकटी." झालं. रोज झोपताना लिंबू पिळून, मध घालून, एक ग्लास. औषध म्हणून. आणि त्यावर ब्रश.

… मी कशी अडवणार? लिंबू मीच पिळत होते.

… जेवण कसलं हो. चावताना दुखतं म्हणून गाजर बंद, काकडी बंद, दाणे बंद, सफरचंद तर नजरेसमोर नको. राहिलं काय? चहात बुडवलेला पाव आणि बिस्किटं. डॉक्टरीणबाई म्हणतात, चावलं की लाळ सुटते आणि लाळ दात धुते. ते सगळं तुम्ही सोडलंत, आणि फटीत चिकटून बसतं तेवढं मात्र धरून ठेवलंत. हिरड्या सुजतील नाहीतर काय करतील?

… काय? कुणाला काढतायत?

… साखरवाल्याला? त्याचा काय संबंध?

… जादा पोती सापडली. गोदामात, रिकाम्या पिंपांच्या मागे. हं. आणि मालकांचं म्हणणं काय, की त्याने साखर कमी घातली, उरलेली मागे दडवली आणि सावकाश बाहेर काढणार होता. आणि तो? तो काय म्हणतो?

… "जितकी बोटं दाखवली तितकीच मापं घातली. हल्ली बोटंच कमी दाखवतात." असं म्हणाला? सगळ्यांसमोर?

… आणि तुम्ही?… ताई. खोटारडा म्हणालात त्याला?

… हो, भावाची बाजू, ते कळलं. तोच ना हा, तुमच्या पायावर क्रेट पडलं तेव्हा तुम्हाला पाठीवर घेऊन फाटकापर्यंत नेलं होतं? आणि तुम्हाला उचलायचं म्हणजे, माफ करा, साखरेचं पोतं परवडलं.

… आज संध्याकाळच्या आत बाहेर. बरं. आणि तुमच्या भावाने फक्त येऊन म्हणायचं की मी बोटं बरोबर दाखवली होती. एवढंच. बस्स.

… एक मिनिट ताई, आत बोलावतायत. ठेवू नका, फोन चालू असू दे… हो डॉक्टर, सांगा… गार लागायचं कधीपासून?… अहो तुम्ही मान नका हलवू, मी सांगते. खूप झाले दिवस, डॉक्टर. फ्रीजमधलं पाणी बंदच आहे. चूळ सुद्धा कोमट पाण्याची. मागे एका लग्नात कुणीतरी आइस्क्रीम पुढे केलं तर विंचू दाखवल्यासारखे मागे सरकले… कारखान्यात? कारखान्यात तर रस गारच असतो. पिंपं गार खोलीतच ठेवतात… हो, खरंच की. मग कसं करतात?

… ताई, ऐकलंत? डॉक्टर विचारतायत, ज्या माणसाला गार पाण्याची चूळ सोसत नाही, तो गार रस तोंडात धरतो कसा?

… कोमट करून?

… तुमच्याच विभागात येऊन? कशात?… बाटल्या धुवायच्या गरम पाण्यात पेला धरून. आणि तुम्हाला कारण काय सांगितलं?… "कोमट केला की सुगंध उलगडतो." वा. आणि तुम्ही ते पुढे चारचौघांत सांगितलंत, बघा माझ्या भावाचा केवढा बारकावा. हो, सांगितलंच असणार.

… थांबा. गप्प राहा जरा. मला एक सुचतंय… ताई, वितळलेलं आइस्क्रीम कधी प्यायलायत?… कसं लागतं?… गोडमिट्टं. नको वाटतं ना? आणि तेच गोठलेलं असताना?

… हां. गार असलं की गोडी कमी लागते. आता विचार करा.

… तेच. तेच म्हणतेय मी. तुमचे बंधुराज कोमट घोट घ्यायचे. त्यांना गोड लागायचं, की बोटं आखडती. आणि लोक बाटली फ्रीजमधून काढून प्यायले. साखरवाला खरं बोलतोय, ताई. बोटंच कमी झाली होती.

… ओरडू नका. मालक जवळ आहेत का?… मग बाजूला या. यंत्रामागे उभ्या राहा.

… काय?

… नाही.

… नाही ताई… हो, ऐकतेय… साखरवाल्याला जाऊ द्यायचं; तो तरुण आहे, त्याला कुठेही काम मिळेल, आणि ह्यांना ह्या वयात कोण घेणार. हो… घर कशावर चालतं ते मला माहितीये. चालवते मीच.

… "आपलेच दात, आपलेच ओठ." हो, म्हण मला येते. पण आपला दात आपल्या ओठाला लागला तर आपण सोसायचं, असं आहे ते. शेजाऱ्याचा ओठ पुढे करायचा असं कुठे म्हटलंय त्यात?

… खरं सांगू? तुम्ही म्हणालात ते मला तुमच्या आधी सुचलं होतं. जिन्यात उभी असतानाच. म्हणून तर आणखी राग येतोय.

… बरं, समजा, गेला तो. नवा साखरवाला आला. हे पुन्हा कोमट घोट घेणार, पुन्हा बोटं आखडणार, पुन्हा गाडी परत येणार. तेव्हा कुणाला काढायचं? गरम पाणी तुमच्या विभागातलं आहे, लक्षात ठेवा.

… त्यांनाच विचारू. खुर्चीत आहेत, पण कान चालू आहेत… अहो. ऐकलंत ना सगळं?… बोलू नका, लाळ गळतेय. साखरवाल्याला काढतायत. चोर म्हणून… हो, आजच. तुम्ही कोमट घेत होतात म्हणून बोटं कमी पडली, असं आहे का?… मान हलवतायत, ताई… आडवी नाही, उभी… आता बोट दाखवतायत. नाही हो, मापाचं नाही. एकच बोट. स्वतःच्या छातीवर… पुन्हा तेच… डॉक्टरीणबाई म्हणतायत हात खाली घ्या. घेत नाहीयेत.

… ऐकलंत ना? मग झालं. रडू नका. मालकांनी रडताना बघितलं तर केस कापताना भावाचा कान गेला असं समजतील.

… एक काम करा. परत आलेल्या मालातली एक बाटली घ्या. दोन पेले. एक तुमच्या गरम पाण्यात धरा, एक बर्फ घालून ठेवा. मालकांच्या समोर. बोलू काही नका. आधी तुम्ही चव घ्या, मग त्यांना द्या… नाही, भाषण नको. पेले बोलतील… हो, मी आहे. फोन चालू ठेवून खिशात टाका. मी तोवर बाहेरच्या खोलीत बसते.

… नाही काकू, माझा नंबर नाही, तुम्ही बसा. मी नुसती फोनवर आहे… इंजेक्शन? नाही, ह्यांना काही दुखलं नाही म्हणे… म्हणजे तसं म्हणाले नाहीत. म्हणायची सोय नव्हती.

… हं, हॅलो. झालं? बोला… कोमट गोड लागला. छान. आता गार घ्या… हो, तोंडात धरा थोडा वेळ, गिळू नका लगेच.

… ताई?

… ताई, काय पडलं?

… कुठला दात?… डावीकडचा. खालचा. कळ गेली, डोक्यापर्यंत… कधीपासून हे?… अक्रोडवाल्यांच्या घरात?

… टोमणा नाही मारत, नुसतं विचारतेय. म्हणजे तुम्ही कधीपासून एकाच बाजूने जेवताय?… आणि कुणाला सांगितलं नाहीत. आणि भावाने सांगितलं नाही म्हणून मघाशी माझ्यावर… जाऊ दे. त्या घशाच्या गोळ्या अजून चघळता का दिवसभर? यंत्राच्या वर ओरडावं लागतं म्हणून?… एक संपली की दुसरी. चव कसली?… संत्र्याची. काय बोलू मी आता.

… मालक कुठे आहेत?… पेला उचलला त्यांनी? गार? प्यायले?… सगळा? बर्फ पण?… चावला? कडकड? आणि काहीच नाही झालं?

… काय म्हणाले?… "आंबट." बरं, आणि कोमट?… "गोड." एकाच बाटलीतला ना? बघितलं ना त्यांनी ओतताना?… आता परत गार घेतायत. आता गरम पाण्याच्या टाकीकडे बघतायत… हां, म्हणजे पोचतंय.

… नको, तुम्ही नका सांगू. तुमचा आवाज गालातून येतोय. त्यांना द्या फोन… द्या हो. खातात की काय मला?

… नमस्कार मालक. मी चव घेणाऱ्यांची बायको.

… दवाखान्यातून बोलतेय. नाही, केस नाही, दात. केस ही तुमच्या सुपरवायझरबाईंची कल्पना.

… हो, खरं आहे. गार सोसत नव्हतं म्हणून कोमट घेत होते. कोमट गोड लागतो. त्यामुळे साखर कमी सांगितली गेली. त्यांनी मान्य केलंय, आत्ता, माझ्यासमोर. बोलून नाही, बोट दाखवून. तुमच्याकडची भाषा तीच आहे ना?

… का नाही सांगितलं? मालक, मागे तुमचा बाटल्या तपासणारा म्हणाला होता की मला बारीक दिसत नाही. चष्मा करून येईपर्यंत थांबलात का? कुठे बसतो तो आता?… फाटकावर. पहारेकरी म्हणून. हो, काढलं नाहीत, तेही खरं. पण बारीक न दिसणारा माणूस पहाऱ्याला बसवलेला बघून बाकीचे काय शिकले असतील?

… सांगते, पण आधी साखरवाल्याचं. ती पोती चोरायची असती तर त्याने तुमच्याच गोदामात, तुमच्याच पिंपांमागे रचून ठेवली असती का? चोर साखर बाहेर नेतो. जी घालायला सांगितलीच नाही, ती उरली. त्याने ठेवली. आणखी कुठे ठेवणार, खिशात?

… पटलं ना? मग सांगा त्याला… नंतर नको. आत्ता. मी थांबते… हो, लाइनवरच.

… सांगितलंत? काय म्हणाला?… पोती पुढे आणून रचायला गेला. हं. मी असते तर दोन शब्द ऐकवून गेले असते.

… आता ह्यांचं. बोला… "गार घेता येत नाही त्या चव घेणाऱ्याचा मला उपयोग काय." रास्त आहे. मी मालक असते तर हेच म्हटलं असतं, जरा गोड करून.

… डॉक्टर म्हणतात, उपचार पुरे झाले की गार सोसायला लागेल. काही आठवडे जातील. पण मग पहिल्यासारखं नाही. दर पिंपाला घोट आणि दर घोटाला ब्रश, हे बंद. नमुने काढून ठेवायचे आणि सगळे एकदम, जेवण झाल्यावर, एकाच बैठकीत बघायचे. गारच. घोट घ्यायचा, थुंकायचा, साध्या पाण्याने चूळ भरायची. ब्रश घरी, आणि मऊ.

… हो, पिंपं थोडी खोळंबतील. गाडी जाऊन परत यायला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी.

… तोवर कोण?… तुम्ही स्वतः. चालेल की. तुम्हाला गार सोसतं, ते कळलं. बर्फ चावलात म्हणे. ह्या वयात असे दात. काय खाता तरी काय? डॉक्टरीणबाईंना सांगते, त्यांनाही बरं वाटेल एक तरी…

… काय?

… सगळे? वरचे पण?

… खोटे. अच्छा… कधी बसवले?… चाळिशीत. इतक्या लवकर? कशाने गेले हो?

… मालक, एक विचारू? तुमच्या वडिलांच्या काळात रसाची चव कोण घ्यायचं?

… तुम्ही. त्याच पिंपांवर. आणि मध्ये दात घासायचात?… खिशात ब्रश. म्हणजे तो खिशातला ब्रश तुमच्याकडून आलाय. ह्यांना कामावर घेतलंत तेव्हा तुम्हीच शिकवलं.

… नाही, ओरडत नाहीये. इथे ओरडायचं काम दुसऱ्यांकडे आहे.

… "आमच्या घराण्यातच दात कच्चे." असं वाटलं तुम्हाला. बघा ना मालक, ह्यांच्या घराण्यात दात पक्के म्हणून कुणी लक्ष दिलं नाही, तुमच्या घराण्यात कच्चे म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. रस तोच.





… नाही, मी तुम्हाला दोष द्यायला फोन घेतला नाही. तुमचे दात गेले तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं नाही, हे मला दिसतंय. पण पुढच्याला तुम्ही सांगू शकत होतात. एवढंच. "बाबा, माझे ह्या कामात गेले, जरा जपून." एक वाक्य.

… हं.

… बरं. मग एकच बैठक, जेवणानंतर, हे नक्की?… आणि ह्यांची जागा ह्यांचीच?… मला नका सांगू, त्यांना सांगा. आत जाऊन फोन कानाला लावते त्यांच्या, ऐकू येतं… झालं सांगून?… हो, तो आवाज त्यांचाच. त्याला सध्या "बरं" समजा.

… अजून एक राहिलं. ते लेबलावरचं "हिरड्यांना बळकटी" काढा… छापून आलीत? मग काळी शाई फिरवा. माझा नवरा ते वाचून रोज लिंबू पीत होता, मालक. तुमचाच माणूस तुमच्याच बाटलीला फसला, बाहेरच्यांचं काय?

… एक मिनिट, डॉक्टरीणबाई काहीतरी विचारतायत… मालक, त्या म्हणतायत, रात्री खोटे दात काढून ठेवता का?… का नाही? झोपेत कुणाला दाखवायचेत?… त्या म्हणतायत दात खोटे असले तरी खालच्या हिरड्या खऱ्या आहेत. कधी दाखवल्यात?… बसवले तेव्हा. त्यानंतर?… एकदाही नाही… त्या हसतायत. चांगलं हसू नाहीये ते.

… आजच या म्हणतायत. ह्यांचं झालं की खुर्ची रिकामी आहे… भीती कसली? उपटायला काही ठेवलंयत का त्यांच्यासाठी?

… या मग. आणि ताईंना पण आणा, त्या मागून ज्या कण्हतायत ते मला इथपर्यंत ऐकू येतंय… ड्रायव्हर रजेवर? मग साखरवाल्याला घ्या, त्याला गाडी येते. पोती राहू दे म्हणावं.

… "येईल का" म्हणजे? मला काय विचारता? त्याला विचारा. जाऊन विचारा, हाक मारून नका बोलावू.

… गेलात? काय म्हणतो?

… नुसता हात पुढे केलाय?

… किल्ली मागतोय तो, मालक. द्या की. ठेवते.